नीवेसची पंचवीस वर्षं

नीवेसचं अठरावं वर्ष मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी सव्वादोन वाजता फुटलं. तेव्हा ती सात महिन्यांची होती आणि आईच्या, फोस्काच्या, खांद्यावर लाळ गाळत झोपली होती.

आवाज तसा मोठा नव्हता. कुणीतरी जाडजूड पुस्तक फरशीवर टाकावं तसा. मग काचा घरंगळल्या आणि मग एक लांबलचक, समाधानी फुसफुस ऐकू आली. जिन्याखालच्या कपाटाच्या दाराखालून जांभळा फेस बाहेर पडला, फरशीच्या उतारावरून सावकाश चालत स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी आला आणि पाहुण्यासारखा तिथेच घुटमळला.

टेबलाशी फोस्काचे सासरे लेआर्को चेरी खात बसले होते. त्यांनी तोंडातली बी काढून बशीत ठेवली.

"कुठलं?" त्यांनी विचारलं.

त्यांचा मुलगा इवानो, म्हणजे फोस्काचा नवरा, कपाटाचं दार चार बोटं उघडून आत डोकावला. एका काचेला फीत अडकली होती आणि फितीला चिठ्ठी.

"अठरावं," तो म्हणाला.

"चांगलं वर्ष होतं," असं म्हणून लेआर्कोंनी पुढची चेरी उचलली.

फोस्का खिडकीकडे पाहत होती. सात महिन्यांत तिला सलग तीन तास झोप मिळाली नव्हती, त्यामुळे जागेपण आणि स्वप्न यांच्यामधली भिंत तिच्यापुरती कधीच पातळ झाली होती. खिडकीतून पॉपलरच्या झाडांचा कापूस आत तरंगत येत होता, आणि त्या कापसातून तिला अठरा वर्षांची एक उंच मुलगी दिसली. हातात घराची किल्ली घेऊन ती दारात उभी होती आणि म्हणत होती, "आई, मला उशीर होईल, जेवायला थांबू नकोस." फेस उंबरठ्याशी विरला तशी तीही विरली. फोस्काने खांद्यावरच्या सात महिन्यांच्या मुलीला जरा घट्ट धरलं आणि पोतेरं आणायला गेली.

हे सगळं सुरू झालं प्रसूतिगृहातल्या खाटेवर. जगातल्या बऱ्याच भानगडी तिथेच सुरू होतात. शेजारच्या खाटेवर पीएमोंते प्रांताकडची एक बाई होती. तिने सांगितलं की तिच्या जन्माच्या साली तिच्या वडिलांनी पन्नास बाटल्या वाइन भिंतीत चिणून ठेवली आणि तिच्या लग्नाच्या दिवशी भिंत फोडली.

"मग?" फोस्काने विचारलं.

"मग काय, दोन्हीकडची माणसं रडली."

बाळंतिणीला अशी गोष्ट सांगू नये. तिचं दूध उतरत असतं, डोळेही पाझरत असतात, आणि त्या ओलाव्यात काहीही रुजतं. फोस्का घरी आली ती मनाशी ठरवूनच. आपण वाइनवाल्यांच्या घरात पडलो आहोत. नीवेस जन्मली ती नऊ ऑक्टोबरला, तिचा बाप द्राक्षं दाबायच्या यंत्राशी उभा असताना. तिच्या सालची वाइन तिच्यासाठी ठेवायला नको?

"नको," लेआर्को म्हणाले. "पीएमोंतेवाल्यांची वाइन थांबते. त्यांना दुसरं काम काय. आपली लाम्ब्रुस्को थांबत नाही. ती पावासारखी आहे. आज भाजला, उद्या खाल्ला. नातीच्या लग्नासाठी पाव कोणी राखून ठेवतं का, पोरी?"

"पण ठेवलीच तर काय होईल, बाबा?"

"व्हिनेगर होईल. लग्नात सॅलडवर घालू."

आता यात खोटं काही नव्हतं. ग्वेर्मांदींच्या, म्हणजे लेआर्कोंच्या, घरची लाम्ब्रुस्को म्हणजे लालभडक, फेसाळ, थोडी तुरट, चरबीदार जेवणाला झाडून काढणारी. उताराच्या मळ्यातल्या ज्या द्राक्षाची देठंसुद्धा शरदात लाल होतात त्या द्राक्षाची. सुगीत जन्मायची, वसंतात बाटलीत शिरायची आणि पुढच्या सुगीच्या आत संपायची. चार पिढ्या तिच्यावर जगल्या, पण कुणी तिला दुसऱ्या वाढदिवसापर्यंत पोचवलं नव्हतं.

फोस्काला लागलं ते मात्र वेगळंच. ती खाली सपाटीवरच्या शाळेत तिसरीला शिकवायची. लग्न होऊन या टेकडीवर आल्याला सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत वाइनचं एकच काम तिच्या हाती आलं होतं, ते म्हणजे लेबलं चिकटवणं. तीसुद्धा तिरकी बसतात म्हणून पुढची इवानोकडे गेली आणि तिच्याकडे मागची राहिली. अशा बाईने एकदा तरी स्वतःच्या हाताने काही भरावं की नाही?

तिने नवा बेत मांडला. लग्नासाठी एकदम काही ठेवायचं नाही. पंचवीस बाटल्या भरायच्या. पहिल्या वाढदिवसाला पहिली, दुसऱ्याला दुसरी, असं करत पंचविसाव्याला पंचविसावी.

इवानोकडे वाइनशास्त्राची पदविका होती आणि ती दिवाणखान्यात टांगलेली होती. तो म्हणाला, "पहिली छान लागेल. दुसरी बरी लागेल. तिसरी जरा दमलेली असेल. पाचवीपासून पुढे..."

"पुढे काय?"

"पुढे तू प्यायचीस."

"पिईन," फोस्का म्हणाली. आणि तिने ते अशा आवाजात म्हटलं की इवानो गुपचूप रिकाम्या बाटल्या धुवायला गेला.

वाइन कधी भरायची हा प्रश्न त्या भागात कुणी एकट्याने सोडवत नाही. कुंपणापलीकडच्या दिर्चेबाई भरायच्या गोष्टीतल्या अधिकारी. त्यांनी दोन नवरे पोचवले होते आणि दोघांसाठी आयुष्यभर बाटल्या भरल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाढत्या चंद्राला भर, फोस्का. वाढता चंद्र, वाढती पोर."

"वाढत्या चंद्राला भरलेली वाइन माजते," लेआर्को म्हणाले. "उतरत्या चंद्रालाच. माझ्या आजोबांपासून."

"तुमच्या आजोबांची वाइन मी प्यायलेय, लेआर्को. तिला माज नव्हता, तसा जीवही नव्हता."

"वाइनला चंद्र दिसत नाही," इवानो म्हणाला. "ती पिंपात असते."

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. चर्चमध्ये शिंकलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

फोस्काने ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला पौर्णिमेचा दिवस निवडला. त्या दिवशी चंद्र वाढतही नसतो आणि उतरतही नसतो. अशा रीतीने तिने तिघांनाही सारखंच दुखावलं, आणि एकत्र कुटुंबात याहून मोठा न्याय नसतो.

आता कामातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लाम्ब्रुस्कोला बाटलीत फेस यायचा तर तिला थोडं गोडधोड भरवावं लागतं. सुगीत बाजूला काढून थंडीत जपलेला द्राक्षाचा गोड रस वाइनमध्ये मिसळतात, ते मिश्रण दिवसभर काचेच्या मोठ्या बरणीत निवळू देतात आणि मग बाटल्या भरून बुचं मारतात. आत वाइन तो गोडवा हळूहळू खाते. खाऊन झालं की ढेकर देते. ढेकर बाहेर पडायला वाट नसते, तोच फेस. किती भरवायचं, एवढीच काय ती सगळी कला.

फोस्काने मापाने रस घातला. पदविकेतलं माप, शाळेतला मोजपात्राचा पेला, चेहरा गंभीर. मग बरणीवर स्वच्छ फडकं बांधलं आणि नीवेसला पाजायला गेली.

नीवेस त्या दिवशी फार पीत नव्हती. याचं कारण फोस्काला कळलं नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी आजोबांनी तिला बोटाने सफरचंदाचा गर चाटवला होता, बापाने थोडी खीर दिली होती आणि दिर्चेबाईंनी कुंपणावरून काय दिलं ते देव जाणे. या घरात प्रेम करायची एकच रीत होती. कुणाचं लक्ष नसताना जवळ जायचं आणि चमचाभर भरवायचं.

बरणी दिवसभर तळघराच्या दाराशी उभी होती.

दुसऱ्या दिवशी बाटल्या भरल्या. पंचवीस बुचं बसली. फोस्काने प्रत्येक गळ्याला नीवेसच्या झबल्याची पांढरी फीत बांधली आणि चिठ्ठीवर तिसरीच्या मुलांना गिरवायला देतात तशा अक्षरांत आकडे लिहिले. एक ते पंचवीस. लेआर्कोंनी त्या स्वतःच्या तळघरात ठेवू दिल्या नाहीत. "माझ्या बाटल्यांना वाटेल आपणही पंचवीस वर्षं थांबायचंय," ते म्हणाले. मग त्या जिन्याखालच्या कपाटात गेल्या. कपाटाच्या पाठीला स्वयंपाकघराची चूल होती. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. पण फोस्का शिक्षिका पडली. घरासाठी भरलेल्या पंचवीस बाटल्यांची नोंद करावी लागते का, हे विचारायला ती नीवेसला पोटाशी बांधून गावातल्या वाइन-तपासणीच्या कचेरीत गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चाळीस वर्षांत त्या खिडकीशी कुणी काही विचारायला आलं नव्हतं.

खिडकीमागे डॉक्टर झानासी बसले होते. ते कुणाची नाडी पाहत नसत, पण ज्याच्या मेजावर दोन शिक्के असतात त्याला डॉक्टर म्हणायचं असा तिथला शिष्टाचार. माणूस सज्जन होता, बारीक, फिकट, कागदाच्या रंगाचा. त्यांनी अर्ज काढला.

"माल संपण्याची अपेक्षित तारीख?"

"नऊ ऑक्टोबर," फोस्का म्हणाली.

"ठीक."

"आणि पुढच्या वर्षी नऊ ऑक्टोबर. आणि त्याच्या पुढच्या."

डॉक्टरांनी पेन उचलून धरलं. "बाई, इथे एकच ओळ आहे."

"मी बारीक अक्षरात लिहीन."

तिने पंचवीस तारखा लिहिल्या. शेवटच्या सहा समासात चढल्या. डॉक्टरांनी तो कागद उजेडाला धरला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे वर विचारावं लागेल."

घरी आल्यावर लेआर्कोंनी डोक्याला हात लावला. "पोरी, कचेरीला कधी काही विचारू नये. विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं. उत्तर द्यायचं म्हणजे बघावं लागतं. आणि बघायचं म्हणजे त्यांना इथे यावं लागतं."

मग मे आला, उन्हं तापली, आणि अठरावं वर्ष फुटलं.

त्याच आठवड्यात सातवं गेलं, आणि शनिवारी तिसरं. मग एका दुपारी बावीस आणि तेवीस एकदम गेली, कारण बाविसाने जाता जाता शेजाऱ्याला घेतलं. दुपारच्या जेवणानंतर, सगळी टेकडी डुलकी काढत असताना, पडद्याआड उजेड मधासारखा झाला की कपाटातून धप्प असा आवाज यायचा, आणि कुंपणापलीकडून दिर्चेबाईंची खिडकी उघडायची.

"आज कोण गेलं?"

"एकोणीस," इवानो सांगायचा.

"गेलं तर गेलं. एकोणिसाव्या वर्षी मी पहिलं लग्न केलं होतं. काही अडलं नसतं."

पण फोस्काचं अडत होतं. प्रत्येक आवाजाला एक वाढदिवस तिच्या हातून निसटत होता आणि निसटता निसटता तिला दिसत होता. सातव्याला पुढचे दोन दात पडलेले होते आणि नीवेस मेणबत्त्या विझवायच्या ऐवजी त्यांच्यावर थुंकत होती. एकोणिसाव्याला ती कुठल्याशा दूरच्या शहरातून फोनवर बोलत होती, आणि मागे कुणीतरी हसत होतं. कोण ते विचारायच्या आत फेस विरला. चौदाव्याला तर ती खोलीचं दार लावून बसली होती. फोस्का दाराबाहेर केकची बशी घेऊन उभी होती, आणि तेवढ्यात धप्प.

"उघडून टाकू या," इवानो म्हणायचा. "आपणच उघडू. कुणाला तरी लागेल."

"नाही."

"अगं, फुटून जाण्यापेक्षा..."

"ती तिची वर्षं आहेत. मी कोण उघडणारी?"

मग उपाय सुरू झाले. दिर्चेबाईंनी ओली पोती पाठवली. पोत्यांनी बाटल्या गार झाल्या, पण चिठ्ठ्यांची शाई पसरली आणि सहा कुठलं नि आठ कुठलं हे दोन दिवस घरात वादाचं राहिलं. लेआर्कोंनी चूल बंद करायला सांगितली, म्हणून आठवडाभर सगळ्यांनी थंड मोर्तादेल्ला सॉसेज आणि पाव खाल्ला. घरात पुरुष चिडचिडे झाले. शेवटी इवानोने ठरवलं की एकेक बाटली फ्रिजमध्ये न्यायची. त्याने मोटरसायकलचं शिरस्त्राण घातलं, हातात चिमणी साफ करायचे हातमोजे चढवले आणि अकरावं वर्ष छातीशी धरून, पाय न आपटता, वधूला न्यावं तसा निघाला. फ्रिजपासून तीन पावलांवर वधू फुटली.

लागलं कुणाला नाही. पण शिरस्त्राणाच्या काचेवरून जांभळे ओघळ वाहत असलेला आपला बाप पाहून नीवेस हसली. आयुष्यात पहिल्यांदा खळखळून हसली. त्या दिवसापासून ती दुपारी कपाटाच्या दिशेला तोंड करूनच झोपायला लागली, वाट पाहत.

त्या संध्याकाळी इवानो केस पुसत टेबलाशी बसला आणि म्हणाला, "मला एक कळत नाही. माप बरोबर होतं. इतका जोर येतो कुठून?"

मग लेआर्को खाकरले.

"मी थोडा घातला होता," ते म्हणाले.

"काय?"

"रस. कपभर. मला वाटलं, नातीची आहे, जरा उड्या मारू दे."

इवानोने टॉवेल खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. "कपभर मीही घातला होता. फोस्काच्या मापात जरा कंजूषपणा वाटला मला."

"पदविका तुझी होती," फोस्का म्हणाली.

"बापही मीच होतो."

कुंपणापलीकडून, कुणी विचारलेलं नसताना, आवाज आला. "मी फक्त दोन चमचे. घरचा काढा. द्राक्षाचा, घट्ट. मुलीच्या जातीला गोडवा लागतो."

फोस्काला रागवायचं होतं. तिने तोंड उघडलंसुद्धा. पण मग तिला आठवलं की बरणीपाशी दुपारी तीही पुन्हा गेली होती. फडकं नीट बांधलंय का पाहायला. आणि पेल्यात उरलेला तळाचा रस वाया कशाला, म्हणून. तिने उघडलेलं तोंड मिटलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर झानासी आले. वरून उत्तर आलं नव्हतं, पण प्रकरण बघून ठेवा असं आलं होतं. उन्हाळ्याचा पहिला दिवस म्हणून त्यांनी सायीच्या रंगाचा सूट घातला होता. लेआर्कोंनी तो सूट पाहिला आणि काही न बोलता त्यांच्यासाठी खुर्ची कपाटापासून लांब सरकवली. डॉक्टरांनी ती कामाच्या सोयीसाठी पुन्हा जवळ ओढली.

पेटीतून त्यांनी सुईचं दाबमापक काढलं, बारावं वर्ष हातात घेतलं आणि बुचातून सुई घातली. काटा उठला आणि जात राहिला.

"साडेपाच," डॉक्टर म्हणाले.

"साडेपाच?" लेआर्कोंनी विचारलं. त्यांना पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. त्यांना फक्त पुन्हा ऐकायचं होतं.

"साहेब, ही अभिमानाची गोष्ट नाही. अडीचपर्यंत तुमची वाइन फेसाळ. तीनच्या वर ती फेसाळ राहत नाही, ती कायद्याने वेगळीच वाइन होते. तिला जाड बाटली लागते, बुचाला तारेची टोपी लागते आणि वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडे यातलं काहीही नाही. हा माल नष्ट करावा लागेल. माझ्यासमोर."

"नष्ट म्हणजे?" फोस्काने विचारलं.

डॉक्टर उत्तर द्यायला वळले आणि त्याच क्षणी एकविसावं वर्ष गेलं. दार बंद होतं म्हणून काचा आतच राहिल्या, पण फेस कुणाचं ऐकतो? तो फटीतून पिचकारीसारखा आला आणि डॉक्टरांच्या सूटवर डावीकडून उजवीकडे गेला. खोलीत जांभळ्या फुलांचा आणि काळ्या चेरीचा वास पसरला. कुणी हललं नाही. फक्त नीवेस फोस्काच्या मांडीवरून हसत पुढे झेपावली आणि डॉक्टरांनी सावरायला पुढे केलेलं भिजलेलं बोट तिने दोन्ही हातांनी धरून तोंडात घातलं.

"आई गं," डॉक्टर म्हणाले. मग कचेरीतल्या आवाजात, "बाई, हिला दात आहे."

"नाही हो. अजून नाही आला."

"आहे. मला लागला."

फोस्काने बोट घालून पाहिलं. खालच्या हिरडीवर, डावीकडे, तांदळाच्या कणीएवढा. चांगला वर आलेला. चार-पाच दिवसांचा तरी.

ती बराच वेळ त्या दाताकडे पाहत राहिली. चार-पाच दिवस. त्या दिवसांत ती कुठे होती? इथेच होती, याच खुर्चीत, हेच बाळ मांडीवर घेऊन. कान मात्र कपाटाकडे होते. तेरावं शाबूत आहे ना, सतरावं कुरकुरतंय का. पुढची पंचवीस वर्षं राखता राखता पहिल्या दाताची बातमी तिला कचेरीकडून मिळाली होती.

"नष्ट म्हणजे मोरीत ओतायचा," डॉक्टर आपला सूट न पाहता म्हणाले. "नियम तसा आहे."

"मोरीतच ओतायचा असं लिहिलंय?" फोस्काने विचारलं.

डॉक्टरांनी परिपत्रक काढलं. तेही ओलं झालं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "कुठे ओतायचा ते लिहिलेलं नाही."

"इवानो, पेले काढ," फोस्का म्हणाली. "अंगणात. सगळ्या बाटल्या."

अंगणात तुतीखाली टेबल गेलं. दिर्चेबाई कुंपणाला वळसा न घालता कुंपणातूनच आल्या, गरम, पुरीसारख्या तळलेल्या न्योक्कोची परात घेऊन. बहुतेक त्या पीठ मळूनच बसल्या होत्या. इवानोने शिरस्त्राण घातलं आणि वर्षं क्रमाने उघडायला सुरुवात केली. बूच सुटायचं, फेस तुतीच्या पानांपर्यंत जायचा, निम्मी वाइन आकाशाला आणि निम्मी पेल्यांना.

"पहिलं," इवानो म्हणायचा.

"चालायला लागली," दिर्चेबाई म्हणाल्या.

"दुसरं."

"बोलायला लागली. तुझ्यासारखं मधेमधे."

तिसरं नव्हतं. तिसऱ्याच्या जागी सगळे क्षणभर गप्प राहिले. "ते वर्ष तिचं तिला ठाऊक," लेआर्को म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटलं. मग जिथे जिथे बाटली नव्हती तिथे तिथे ते थोडं थांबायचे. पॉपलरचा उरलासुरला कापूस पेल्यांत पडायचा. फोस्काला वाटलं, बरंच आहे. सगळीच वर्षं आईला दिसायला नकोत.

सहाव्याला नीवेस शाळेत गेली आणि फोस्काच्या वर्गात मात्र घालायची नाही असं ठरलं. दहाव्याला लेआर्कोंनी तिला ट्रॅक्टर शिकवला. तेराव्याला दिर्चेबाईंनी तिला काहीतरी शिकवलं, ते त्या सांगेनात. सतराव्याला इवानो एकाएकी उठून कोपऱ्यात गेला. त्याला त्या मुलाचा चेहरा पसंत नव्हता. कुठल्या मुलाचा, हे कुणी विचारलं नाही. डॉक्टर झानासी कामावर असताना पीत नसत. त्यांनी आठव्यापर्यंत पेल्यावर हात ठेवला, नवव्याला वास घेतला आणि विसाव्याला, कुणी न विचारता, म्हणाले की त्यांचीही एक मुलगी आहे, ती मिलानोला असते आणि रविवारी फोन करते. सगळे रविवारी नाही, म्हणाले.

वाइनबद्दल एकच माणूस काही बोलत नव्हता. लेआर्को प्रत्येक वर्षाचा पेला उजेडाला धरत, घोट घेत, आणि पेला पुन्हा पुढे करत. फोस्का ते पाहत होती. सहा वर्षांत तिने त्यांना घरच्या वाइनचा दुसरा पेला इतक्या चटकन पुढे करताना पाहिलं नव्हतं.

ऊन उतरलं तेव्हा पंचविसावी उरली. इवानोने ती हातात घेतली आणि थांबला.

"ही ठेवू या का?"

"मी अठ्ठ्याहत्तरचा आहे," लेआर्को म्हणाले. ते नातीकडे पाहत होते. "पंचवीस मिळवले की एकशेतीन. हिशोब माझा कच्चा असला तरी एवढा येतो. पोरी, उघड तू. तुझ्या हातची आहे."

फोस्काने उघडली. बाटलीला तारेची टोपी नव्हती, परवाना नव्हता. बूच तिच्या तळहातात आलं ते उडी न मारता, सुस्कारा टाकल्यासारखं, आणि फेस काठापर्यंत चढून तिथेच थांबला. तिने पहिला पेला सासऱ्यांना दिला. ते उभे राहिले, टोपी काढली आणि एका दमात नातीचा पंचविसावा वाढदिवस पिऊन टाकला. पिऊन झाल्यावर त्यांनी मिशी पुसली आणि थोडा वेळ मळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

"पुढच्या वसंतात तळघराची भरणी तू बघ," ते तिकडेच पाहत म्हणाले. "मागची लेबलं मी लावीन."

नीवेस तोपर्यंत टेबलाखालच्या टोपलीत, तुतीच्या सावलीत, एक दात दाखवत गाढ झोपली होती. सात महिन्यांत पहिल्यांदाच तिची तिची, खांद्याशिवाय.

डॉक्टरांनी खिशातून अर्ज काढला. तो वाळला होता पण जांभळा वाळला होता. पंचवीस तारखांवर त्यांनी एकेक रेघ ओढली. मग शेवटच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"माल संपण्याचं कारण लिहावं लागेल," ते दबक्या आवाजात म्हणाले. "इथे तीनच दिलीत. फुटला, सांडला, खराब झाला."

"फुटला थोडा," इवानो म्हणाला.

"सांडलाही," दिर्चेबाई म्हणाल्या.

"खराब कोण म्हणेल?" लेआर्को वळले. "डॉक्टर, चौथं लिहा. मुलगी मोठी झाली."

डॉक्टर झानासींनी टोपलीकडे पाहिलं. मग ते शब्द त्यांनी रकान्यात नीट, वळणदार अक्षरात लिहिले, पेटीतून शिक्का काढला, त्यावर फुंकर घातली, आणि ती जागी होऊ नये म्हणून तो कागदावर मारला नाही, हळूच टेकवला.